जागच्या जागी चालताना

माणसाची पारख तो काम करत असताना करावी की काहीच करत नसताना, या प्रश्नाकडे आपल्या तत्त्ववेत्त्यांनी द्यावं तितकं लक्ष दिलेलं नाही. कर्म झालं, अकर्म झालं, विकर्म झालं, निष्काम कर्मावर तर प्रवचनकारांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. पण काम चालू आहे आणि तरीही काही होत नाही, अशी जी एक न्यारीच अवस्था असते तिच्यावर फारसं कोणी बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. (त्या काळी सरकारी कचेऱ्या नव्हत्या, हे एक कारण असेल.) मोटार बाळगणाऱ्या माणसाला मात्र ही अवस्था रोज भेटते. गाडी सिग्नलला उभी आहे, इंजिन सुरू आहे, चाकं फिरत नाहीत. याला आपल्या गॅरेजांतून 'आयडलिंग' म्हणतात. जुने मिस्त्री नुसतं 'स्लो' म्हणत. "साहेब, स्लो जरा चढवून देऊ का?"

फियाटच्या जमान्यात हे स्लो म्हणजे कार्बुरेटरवरचा एक स्क्रू होता. आमचे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटत. मग पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, की थरथरणारी गाडी एकदम आरती संपल्यावर घरात पसरते तशी शांत. मला त्या वेळी कोडं पडे, की खंडाळ्याचा घाट तक्रार न करता चढणारी ही गाडी दाराशी उभी राहिली की का थरथरते? पळण्यापेक्षा उभं राहणं अवघड कसं?

उत्तर हिशेबाचं आहे. इंजिन जोरात असताना हवा आणि पेट्रोल भरपूर आत जात असतं. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं. स्लोमध्ये दोन्ही चिमूटभर. लाखाच्या उलाढालीत पाच रुपयांची चूक कुणाला दिसत नाही. दहा रुपयांच्या संसारात पाच रुपये चुकले की चूल पेटत नाही. पळताना चुका झाकल्या जातात, उभं राहिलं की त्या वर येतात. एवढं ज्ञान मला होतं आणि त्यावर माझं छान चाललं होतं. पुढचा भाग मी अमेरिकेत शिकलो.

माझा पुतण्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी असतो. नकाशात हे गाव भिंगातून शोधावं लागतं, पण पुणेकराला ते परकं नाही. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं हे मूळ गाव, आणि 1962 साली किर्लोस्करांच्या जोडीने ही कंपनी पुण्यात आली तेव्हापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात एक सोयरीकच जुळलेली आहे. दिवसभर हा मुलगा ट्रकच्या इंजिनांची चिंता करतो. विश्रांती म्हणून संध्याकाळी आणि शनिवारी-रविवारी स्वतःच्या गाडीच्या इंजिनाची चिंता करतो.

गाडी म्हणजे 2005 सालची मिनी कूपर एस. चणीने एवढीशी, इंजिन जेमतेम 1.6 लिटरचं, पण त्यावर सुपरचार्जर बसवलेला. 2002 ते 2006 या वर्षांतल्या या गाडीत तो असे; पुढच्या पिढीत टर्बो आला. कंपनीने दिलेली गाडी ठणठणीत होती, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जी दुखणी येतात ती सगळी आमच्या चिरंजीवांनी डॉलर मोजून घरी आणलेली आहेत.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे पंगतीत जेवलेल्या माणसाला समजवायला वेळ लागू नये. साधं इंजिन भुकेपुरतं जेवतं. पिस्टन खाली गेला, पोकळी झाली, हवा आली. जितकी ओढली तितकीच. सुपरचार्जर म्हणजे आग्रह करणारा यजमान. इंजिनाच्या पट्ट्यावरच तो फिरतो आणि 'एवढी जिलबी घ्यायलाच हवी' म्हणत हवा कोंबत राहतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. दाबली की हवा तापते (सायकलचा पंप मारून त्याला हात लावून बघा), आणि तापलेली हवा फुगते, म्हणून वाटेत तिला थंड करायला इंटरकूलर नावाची जाळी असते. तो पंगतीतला मठ्ठा समजा.

या यंत्राचं कूळही इंडियानाचंच निघालं. कोलंबसहून गाडीने तास-दीड तासावर कॉनर्सविल नावाचं गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोघे भाऊ लोकरीची गिरणी चालवत. गिरणीसाठी पाणचक्की सुधारायच्या खटपटीत त्यांनी एकमेकांत गुंतून फिरणारे दोन पंखे केले. पाण्यावर काही ते नीट चालेनात. पण कोरडे फिरवले तेव्हा त्यांतून असा वारा सुटला म्हणतात, की जवळ उभ्या असलेल्या मुकादमाची हॅट उडाली. हॅटची गोष्ट खरी असो वा खोटी, 1860 साली त्यांनी पेटंट घेतलं ते खरं. मग हा भाता ओतशाळांच्या भट्ट्यांना आणि खाणींत वारा घालायला गेला, आणि मोटारी आल्यावर त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. पाणी ढकलायला निघालेली वस्तू वारा ढकलून अमर झाली. आमच्या नात्यात डॉक्टर व्हायला निघालेले एक जण असेच पुढे तबल्यात नाव काढून बसले.

पुतण्याने प्रथम या सुपरचार्जरची पुली बदलली. पुली 15 टक्क्यांनी लहान केली की पंखे जवळजवळ 18 टक्के जोरात फिरतात. पूर्वी चौरस इंचाला 11-12 पौंडांपर्यंत चढणारा दाब 15 वर गेला. हा दाब पाहायला त्याने पुढ्यात एक गोल घड्याळही लावलं होतं. तशीच गाडी असलेल्या त्याच्या मित्रांची टोळी तिथे आहे. ती माणसं भेटली की एकमेकांना 'कसा आहेस' न विचारता 'किती?' एवढंच विचारतात. हा ऐटीत 'पंधरा' म्हणायचा.

मग जूनमध्ये एका शनिवारी त्याने गाडीवर तीन संस्कार केले. सायलेन्सर आणि मागचे नळ मोकळे, ऐसपैस बसवले; इंटरकूलर मोठा घातला; आणि प्लग बदलले. रविवारी सकाळी फेरी मारायला आम्ही दोघे निघालो. काटा 13 च्या वर जाईना. शिवाय पहिल्याच चौकात गाडी उभी राहिली आणि इंजिन आपल्याशीच झोके घेऊ लागलं. फेऱ्यांचा काटा सातशेवर, मग बाराशेवर, पुन्हा सातशेवर. गाडी हुंदके देत होती म्हणा ना.

"काका, दोन पौंड गेले," तो म्हणाला. झोक्यांबद्दल अवाक्षर नाही. घरातला पोरगा रात्रभर तळमळतोय आणि बापाला त्याचे दोन टक्के कमी पडल्याचं दुःख, तशातली गत.

आता इथे ज्ञानमार्गातली एक मोठी अडचण उभी राहते. एका दिवसात तीन गोष्टी बदलल्या आणि दोन गोष्टी बिघडल्या. तर कुणामुळे काय? आमच्या आजीचा खोकला एकदा वैद्यांचा काढा, डॉक्टरांच्या गोळ्या आणि सोनाराच्या बायकोने दिलेला अंगारा यांनी एकाच आठवड्यात बरा झाला होता. श्रेय कुणाचं, या वादात दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. खोकला बरा झाला म्हणून वाद निदान गोड होता. पुतण्याच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांनी कुंपणावरून विचारलं, किती गोष्टी बदलल्या? तीन, म्हटल्यावर त्यांनी आणखी विचारलं, एकाच दिवशी? हो म्हटल्यावर ते काही न बोलता गवत कापायला निघून गेले. इतकं स्पष्ट मतप्रदर्शन मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

पुतण्याची पहिली प्रतिक्रिया आजच्या काळाला धरून होती. आणखी एखादी वस्तू विकत आणू. सुपरचार्जरवर एक लहानसं दार असतं. पायाखाली रेस नसताना ते उघडं राहून कोंबलेली हवा परत मागे फिरवतं, म्हणजे पंखे उगाच कष्टत नाहीत; रेस दिली की ते मिटतं. ते पुरतं मिटत नसेल तर हवा आपली कचेरीतल्या फायलीसारखी इथल्या इथेच फिरत राहते आणि दाब चढत नाही. तर ते दार नवं मागवू. पट्टा घसरत असेल, कारण पुली लहान म्हणजे पट्ट्याला धरायला जागाही कमी. तर पट्टा नवा मागवू. दोष शोधण्यापेक्षा दोषी विकत आणणं सोपं, हे मला त्या दिवशी कळलं. कुठे काय चुकतंय त्याचा विचार करायला लागतं ते डोकं. मागवायला फक्त बोट लागतं.

संध्याकाळी शेजारचे आजोबा आपणहून आले. हातात एक जुनं घड्याळ आणि रबरी नळी. ते दाबाचं घड्याळ नव्हतं, उलट होतं, पोकळी मोजणारं. स्लोमध्ये इंजिनाच्या तोंडावरचं दार जवळजवळ बंद असतं आणि आत पिस्टन ओढत असतात, त्यामुळे नळांत चांगली पोकळी तयार होते. धडधाकट इंजिनाचा काटा समुद्रसपाटीला 17 ते 21 इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहतो. दर हजार फुटांना सुमारे इंचभर उतरतो, म्हणजे मुंबईच्या इंजिनापेक्षा पुण्याचं इंजिन जन्मतःच पावणेदोन इंच नम्र असतं. हे शास्त्राने सिद्ध झालेलं आहे, मुंबईकरांनी वाद घालू नये. काटा थरथरला तर व्हॉल्व्हचं दुखणं, स्थिर पण खाली असला तर कुठेतरी गळती किंवा प्लग उशिरा पेटतोय. सगळं निदान गाडी जागच्या जागी उभी असताना. आमच्या गावचे वैद्य नाडी धरताना रोग्याला अंगणात पळवत नसत. डॉक्टरसुद्धा रक्तदाब घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसायला सांगतात, ते काही त्यांना चहा प्यायचा असतो म्हणून नव्हे.

काटा खाली होता आणि हेलकावत होता. म्हणजे भोक. उघडं पडलेलं एकच भोक, पण तक्रारी दोन कशा, तर पाहा. गाडी जोरात असताना नळात दाब. तेव्हा भोकातून हवा बाहेर जाते आणि पौंड कमी होतात. गाडी उभी असताना नळात पोकळी. तेव्हा त्याच भोकातून हवा आत शिरते, न बोलावलेली. फेरे वाढतात, कॉम्प्युटर दचकून दार लोटतो, फेरे पडतात, तो घाबरून दार उघडतो, पुन्हा तेच. नाटकाला आगंतुक पाहुणे शिरले की व्यवस्थापकाचं जे होतं ते.

मग आमच्या पुण्याच्या पंक्चरवाल्याची विद्या कामाला आली. इंजिनाचं तोंड बंद करून आत पाच-सात पौंड हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या एका टोकाचा रबरी जोड बसवताना आतल्या बाजूला दुमडला गेला होता. तिथून बुडबुड्यांचा एक सुंदर पांढरा गजरा बाहेर आला. जोड सरळ केला, क्लिप पुन्हा आवळली. गाडी सुरू केली तर फेऱ्यांचा काटा साडेआठशेच्या आसपास असा बसला, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आजोबांनी बोनेटवर हात ठेवला, मान हलवली, घड्याळ गुंडाळलं आणि गेले. मेकॅनिकांना डोळे मिटायची सवय दोन्ही देशांत आहे.

पण दाब 14. पंधरा नाही.

इथून खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो मला त्या मुलाला समजावून सांगायला अर्धी रात्र लागली. म्हणजे तंत्र त्याला माझ्यापेक्षा दसपट कळतं, समजावायचं होतं ते निराळंच. हा दाब मोजतो काय? आत गेलेली हवा तो मोजत नाही. आत जायला निघालेली आणि अडून राहिलेली हवा मोजतो. पुन्हा पंगतीत चला. यजमानाचा आग्रह कधी वाढतो? पाहुणा 'नको नको' म्हणतो तेव्हा. वाढलं ते मुकाट्याने गिळणारा पाहुणा भेटला तर आग्रहाला जागाच राहत नाही. जिलब्या मात्र दुप्पट खपतात. सायलेन्सर मोकळा झाला, मागचा मार्ग खुला झाला, जाळी मोठी झाली, हवा थंड होऊन आकसली. इंजिन सहज गिळू लागलं. तो एक पौंड हरवला नव्हता, त्याचं अडणं संपलं होतं. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी रोलरवर चढवून ताकद मोजली तर पूर्वीपेक्षा जास्त भरली.

म्हणजे काटा 15 वरून 13 वर आला त्यात एक पौंड आजाराचा होता आणि एक पौंड आरोग्याचा, आणि काट्याला दोन्ही सारखेच दिसत होते. (पट्टा घसरत असता तर तो स्लोमध्येही बोलला नसता, हे मान्य, त्याच्यासाठी डोळे आणि काळी भुकटी आहे.)

हे बोलत असताना पुतण्या एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "बाबांचंही असंच होतं ना, काका?"

त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, एका सरकारी कचेरीत सेक्शन सांभाळत. त्यांच्या टेबलावर फायलींचा जो ढीग असे त्याच्यामागे दादा बसलेत की नाहीत ते शिपायाला वाकून पाहावं लागे. सगळ्या कचेरीत 'कामाचा माणूस' म्हणून ख्याती. एकदा नवा साहेब आला. त्याने पाच सह्यांपैकी तीन काढून टाकल्या. महिन्याभरात ढीग नाहीसा झाला. अर्ज पूर्वीपेक्षा जास्त निघू लागले. दादा घरी येऊन म्हणाले, "आता ऑफिसात काही राम राहिला नाही." आम्ही सगळ्यांनी साहेबाला नावं ठेवली. ढीग म्हणजे झालेलं काम नव्हे, अडलेलं काम, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी दादांना सांगायची प्राज्ञा कुणाची होती?

निवृत्त झाल्यावर दादा आरामखुर्चीत बसत, की दोन मिनिटांत उठून फाटकापर्यंत जात, परत येत, पेपर उचलत, ठेवत, पुन्हा फाटक. सातशे-बाराशे, सातशे-बाराशे. वहिनी म्हणायच्या, "अहो, जरा बसा की स्वस्थ." ते म्हणायचे, "बसलोच आहे." पस्तीस वर्षं त्यांना कुणी उभं असताना पाहिलंच नव्हतं, मग भोक दिसणार कसं? दोन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. रक्तदाब 180 वर जाई. त्या आकड्याची मात्र कुणी ऐट मिरवली नाही. शिरा आखडल्या की दाब चढतो हे डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, पण कचेरी आणि शीर यांची सांगड घालायची ते काही त्यांचं काम नव्हतं. दादांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

पुतण्या त्या वेळी इथे नव्हता. तो दर रविवारी फोन करी आणि विचारी, "बाबा, किती?" दादा आकडा सांगत. कमी असला की दोघांनाही बरं वाटे.

मी त्याला म्हटलं, जगाने कुणाला डोक्यावर घेतलंय ते बघ. डब्ल्यू. ओ. बेंटली हे गृहस्थ सुपरचार्जरच्या विरुद्ध होते. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, कोंबाकोंबी नको, हे त्यांचं मत. टिम बर्किन यांनी डोरथी पॅजेट या श्रीमंत बाईंच्या पैशावर साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावलाच. ल मान्सची शर्यत 1929 आणि 1930 साली जिंकली ती बेंटलींच्या मोठ्या, बिनआग्रहाच्या स्पीड सिक्सने. सुपरचार्जरवाली 'ब्लोअर' ती शर्यत कधीच जिंकली नाही. पण आज पोरांच्या खोलीत चित्र लागतं ते ब्लोअरचं, जेम्स बाँडला पहिल्या कादंबरीत गाडी दिली ती ब्लोअर, आणि नव्वद वर्षांनी बेंटली कंपनीने जुन्या नकाशांवरून पुन्हा बारा गाड्या घडवल्या त्याही ब्लोअरच. म्हाताऱ्या बेंटलींना यावर काय वाटलं असतं ते न विचारलेलंच बरं.

पुतण्या हसला. "पटतं, काका," म्हणाला. रात्रीचे दीड वाजले होते. गॅरेजमध्ये गाडी सुरू करून ठेवली होती, दार उघडं होतं, आणि इंजिन इतकं एका लयीत चाललं होतं की आम्ही दोघेही काही न बोलता पाच-सात मिनिटं तसेच उभे राहिलो. मग त्याने किल्ली फिरवली.

पुढल्या शनिवारी त्याच्या मित्रांची टोळी भेटली. एकाने विचारलं, "किती?" पुतण्याने माझ्याकडे पाहिलं आणि "चौदा" म्हणाला. खरंच म्हणाला. त्यावर त्या मित्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणाच्या घरी वाईट झाल्यावर ठेवतात तसा.

सोमवारी घरी एक पार्सल आलं. 17 टक्क्यांची पुली. आता पट्टाही आखूड मागवावा लागेल म्हणतो.